‘आधी तुम्ही पाहा’ म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, अशी ताकीद तुम्ही निघताना दारातच दिली होती आणि ती मी पाळतो आहे. आभार मानायचे नाहीत, असेही तुम्ही म्हणालात; ते मात्र मला जमणार नाही. तीन महिने झाले, तरी संध्याकाळी माझ्या समुद्री मत्स्यालयाच्या टाकीतले दिवे मंद झाले की माझे मरू घातलेले प्रवाळ पाहायला तुम्ही आलात ती संध्याकाळ मला आठवते आणि गळा दाटून येतो. हे सगळे मनातच ठेवले तर तो कृतघ्नपणा ठरेल, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

टाकीतले ते ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्याफांद्यांचे दगडी प्रवाळ, मी बोटाच्या पेराएवढा तुकडा म्हणून आणले होते. चार वर्षांत ते वीतभर झाले, त्याला फांद्या फुटल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला निळसर झाक आली. मग एकाएकी त्याचा रंग उतरू लागला. दिवसा बाहेर दिसणारे पॉलिप, म्हणजे ज्यांचे प्रवाळ बनते ते इवले जीव, आत ओढले गेले आणि बुडाशी असलेली कातडी सुटून पांढरा सांगाडा उघडा पडू लागला. त्याच्या शेजारचे दोन लहान तुकडे तोवर मेलेही होते. पाणी मी रोज तपासत होतो. खारटपणा ३५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) ८, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, तापमान २५ अंश असे सगळे आकडे जिथल्या तिथे होते. आकडे चांगले आणि डोळ्यांदेखत जीव मरतो आहे, या विसंगतीने मी रात्र रात्र जागा राहिलो.

या काळात मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याविषयी लिहिताना मन अजूनही कडवट होते. एका विक्रेत्याने फोटोकडे नीट न पाहताच आयोडीनची बाटली हातात ठेवली. एका अनुभवी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी दिवे फार प्रखर असल्याचे सांगितले आणि दुसऱ्यांनी ते फार मंद असल्याचे. ‘ॲक्रोपोरा हे तुमच्यासारख्यांचे काम नाही’, असेही एकाने ऐकवले. ते वाक्य मी कित्येक दिवस उराशी घेऊन फिरलो. सर्वांत मोठे नुकसान अल्कलिनिटी वाढवण्याच्या सल्ल्याने झाले. मी घाबरलेला होतो, म्हणून दोनच दिवसांत ती ८ वरून १० च्या पुढे नेली. त्यानंतर बुडाबरोबर टोकेही पांढरी पडू लागली. तेव्हा त्याच सल्लागारांनी निष्कर्ष काढला की रोग आता सर्वत्र पसरला आहे आणि टाकी मोडीत काढलेली बरी. यांतला एकही माणूस टाकीसमोर पाच मिनिटे बसला नव्हता.

तुम्ही आलात ते ओळखीच्या ओळखीने, आणि आल्याआल्या आकडे विचारण्याऐवजी मेलेले तुकडे कुठे आहेत, असे विचारलेत. मला लाज वाटली, कारण पहिले दोन मी कचऱ्यात टाकले होते. तिसरा आदल्याच दिवशी गेला होता. तो फेकायला हात धजावला नव्हता, म्हणून टाकीतल्याच पाण्याच्या वाटीत तसाच ठेवला होता. तुम्ही कोपरापर्यंत हात नुसत्या पाण्याने खळखळून धुतलेत, अंगठी काढून ठेवलीत आणि तो सांगाडा जिवंत असल्यासारखा दोन बोटांत अलगद उचललात. मेलेल्या प्रवाळाला इतक्या आदराने हाताळणारे माणूस मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

त्यानंतर जे घडले त्यासाठीच हे पत्र आहे. तुम्ही पिशवीतून भिंग काढलेत, दिव्याखाली बराच वेळ तो तुकडा फिरवून पाहिलात आणि तुमचा चेहरा बदलला. उत्तर तुम्हाला मिळाले होते, हे मला कळले. पण तुम्ही ते सांगितले नाही. भिंग माझ्या हातात दिलेत, खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, ‘आधी तुम्ही पाहा. घाई नाही.’ आणि मग खरोखरच थांबलात. मला काही दिसत नव्हते आणि माझा हात थरथरत होता. तुम्ही फक्त भिंग धरलेला माझा हात थोडा खाली आणलात. मग बुडाशी, जिथे कातडी संपून सांगाडा सुरू होत होता तिथल्या एका खाचेत, एकमेकांना चिकटून बसलेले तपकिरी ठिपके दिसले. खसखशीहून बारीक, पण इतके एकसारखे की ती घाण नाही हे मलाही उमगले. ‘अंडी?’ असे मी विचारले तेव्हा तुम्ही होकारार्थी मान हलवलीत आणि हसलात. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला मूर्ख समजले नव्हते.

तुम्ही नुसते नाव सांगून मोकळ्या झाला असतात, तरी माझे प्रवाळ वाचले असते. पण मग पुढच्या वेळी मी पुन्हा कुणाच्या तरी दाराशी उभा राहिलो असतो. जाणकारी मिरवणारे पुष्कळ भेटतात. आपली जाणकारी समोरच्याच्या डोळ्यांत उतरेपर्यंत शांत बसून राहणारे माणूस विरळा, आणि त्या शांत बसण्यात जो सभ्यपणा आहे त्याला कोणतीही पदवी लागत नाही. डॉक्टर असो, शिक्षक असो की यंत्र दुरुस्त करणारा कारागीर, काही बोलण्यापूर्वी जो नीट पाहतो आणि पाहिलेले दुसऱ्यालाही दाखवतो, त्याच्यापाशी माणसाला धीर येतो. मला तो तुमच्यापाशी आला.

त्याच तुकड्यावर तुम्ही मला काळ वाचायला शिकवलात, तेही लिहायला हवे. उघडा पडलेला सांगाडा आधी शुभ्र असतो आणि दिवसांमागून दिवस गेले की त्यावर शेवाळाची पुटे चढतात. बुडाचा भाग हिरवट होता, त्यावरचा पिवळट आणि टोके अगदी कोरी पांढरी. म्हणजे जखमा दोन होत्या आणि त्यांची कारणेही दोन होती. बुडाची जखम जुनी, ती ज्यांची ती अंडी होती त्या प्रवाळ खाणाऱ्या कृमींची. टोकांची नवी, ती माझ्या हातून घाईने वाढलेल्या अल्कलिनिटीची. माझ्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्ये जवळजवळ नव्हतीच आणि अशा उपाशी पाण्यात अल्कलिनिटी चढली की ॲक्रोपोराची टोके जळतात, हे तुम्ही समजावलेत. रोग आणि रोगावरचा चुकीचा इलाज एकाच फांदीवर दोन टोकांना बसले होते आणि सगळ्यांनी त्यांना एकच समजून माझी टाकी मोडीत काढली होती. चूक माझी होती, तरी तुम्ही तिला चूक म्हटले नाहीत. ‘घाबरलेल्या माणसाने जे केले असते तेच तुम्ही केलेत’, एवढेच म्हणालात.

माझा खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही तुम्ही ३५ च्या प्रमाण द्रावणावर तपासून पाहिलात. तो बरोबर निघाला आणि एक शंका कायमची मिटली. फेकण्यासाठी बाजूला काढलेल्या आणखी एका पांढऱ्या तुकड्यावर तुम्ही भिंग धरलेत, तर त्यात पारदर्शक कातडी आणि बारीक पॉलिप शाबूत होते. पेशींत राहणारे शैवाल गेल्याने रंग गेला होता, जीव गेला नव्हता. पांढरे पडणे आणि मरणे यांत केवढे अंतर असते, हे मला त्या तुकड्याने शिकवले. तो आज फिकट तपकिरी झाला आहे.

आणि ती पांढरी वाटी! औषधी द्रावणात बुडवलेल्या फांदीवर तुम्ही पिचकारीने पाणी मारलेत तेव्हा कातडीचा कपचा निघावा तसे काहीतरी तळाशी पडले. मी हळहळलो, आणि तेवढ्यात तो कपचा सरकू लागला. प्रवाळ खाता खाता त्याचेच शैवाल पोटात साठवून हा चपटा कृमी प्रवाळाचाच रंग घेतो, म्हणून महिनाभर मी त्याच्याकडे पाहत असूनही तो मला दिसला नव्हता. कातडीवरचे ते मिलिमीटरभर गोल, फिके डागही त्याच्या खाण्याच्या खुणा होत्या. मी त्यांना प्रकाशाचा दोष समजलो होतो. मी स्वतःला दोष देऊ लागलो तेव्हा तुम्ही सांगितलेत की शास्त्रज्ञांनाही हा प्राणी आधी मत्स्यालयांतच सापडला, त्याचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये झाले आणि समुद्रात, ग्रेट बॅरिअर रीफवर, तो आढळल्याची पहिली नोंद २०१२ मधली आहे. ‘खुल्या समुद्रात तो इतकी वर्षे कुणाच्या नजरेस पडला नाही, मग तुम्ही कशाला खंत करता?’ हे तुमचे शब्द मला कोणत्याही औषधापेक्षा अधिक लागू पडले.

पुढचे सारे चिकाटीचे काम होते. द्रावणाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून ती खरवडावी लागतात आणि नवी पिल्ले निघतील हे धरून तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते. दर आठवड्याला त्या दिवशी सकाळी तुमचा एका ओळीचा निरोप यायचा, ‘आज वाटीचा दिवस.’ शेवटच्या चार वाट्या रिकाम्या निघाल्या, हे तुम्हाला कळवले होतेच.

परवा एक नवे दिसले आणि ते सर्वांत आधी तुम्हाला सांगायचे आहे. बुडाच्या हिरवट सांगाड्यावर कातडीची एक पातळ कड पुन्हा खाली सरकू लागली आहे. अंडी सापडली होती तशीच इथली एक खाच तिने अर्धी झाकली आहे आणि त्या कडेवर भिंगातून दोन इवले पॉलिप मोजता आले. तुमचे भिंग अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी ते परत करायला येईन, पण त्याआधी तुम्हीच इकडे आलात तर बरे होईल. या वेळी खुर्ची मी पुढे सरकवीन आणि आधी तुम्ही पाहा.

आपला कृतज्ञ,
एक प्रवाळपालक