सही करण्याआधी वाचायला शिकवा

महोदय,

मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. पहिली नोकरी लागून चार महिने झालेले, हातात दुचाकीच्या दोन वर्षांच्या कर्जाचे कागद. "बाई, व्याज १२ टक्केच आहे, मग हप्ता एवढा कसा?"

दुसऱ्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'फ्लॅट' असा शब्द होता. म्हणजे मुद्दल महिन्यागणिक फिटत जाणार, पण व्याज दोन्ही वर्षं मूळ रकमेवरच. शंभराला २४ व्याज, एकूण १२४, हप्ते २४, म्हणजे दरमहा सुमारे ५.१७. उरलेल्या मुद्दलावर हिशेब धरला, तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे सगळं त्यानंच माझ्यासमोर बसून काढलं. मग बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "समोरचे बोट ठेवत गेले, इथे, इथे आणि इथे. मी सह्या करत गेलो. हे आपल्याला शाळेत होतं का हो?"

हा मुलगा चक्रवाढ व्याजाची गणितं फळ्यावर न अडखळता सोडवायचा. पण आमच्या पुस्तकातल्या गणितात मुद्दल, दर, मुदत पहिल्याच ओळीत दिलेली असते. खऱ्या कागदात ती शोधून काढावी लागते, आणि ते मी त्याला कधी शिकवलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेत करिअर मार्गदर्शन होतं, नाही असं नाही. कुठली शाखा, कुठली प्रवेश परीक्षा, कशाला मागणी आहे. सगळं नोकरीच्या दारापर्यंत. दारातून आत गेल्यावर पहिल्याच दिवशी जे नियुक्तीपत्र हातात पडतं, त्यातला नोटीस पिरियड, प्रोबेशन, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड, ठरलेला पगार आणि हातात येणारा पगार यांतला फरक, हे कुणी सांगत नाही. घरभाड्याच्या कराराचं तेच. विम्याचं तर विचारूच नका.

स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शालेय शिक्षण संपलं की साधारण दोन तृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळतात. त्यातली बहुतेक आठवड्याचे काही दिवस प्रत्यक्ष कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत असतात. त्याआधी मालकाशी लेखी करार होतो. त्यावर मुलाची स्वतःची सही असते, वय कमी असेल तर पालकांचीही. सुरुवातीचा चाचणीचा काळ किती, हेही त्यात लिहिलेलं असतं. कोवळ्या वयातच कागद वाचण्याची गरज पडते.

आपल्याला एवढी मोठी व्यवस्था उद्या उभारता येणार नाही. पण शेवटच्या वर्षी आठवड्याला एक तास काढता येईल. नावं खोडलेले खरे कागद वर्गात वाटावेत, चार-चार मुलांच्या गटाला दर, दंड आणि मुदत शोधायला लावावी. आणि एक वाक्य प्रत्येकाकडून उभं राहून, मोठ्यानं म्हणवून घ्यावं: "हा कागद मला घरी नेऊन वाचायचा आहे." मोठ्या माणसासमोर हे म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून सराव हवा.

कर्ज मुदतीआधी फेडलं तर काय आकारतात, हे विचारायला तो मुलगा पुढच्या आठवड्यात जाणार आहे. प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहून काढलेत. जाताना त्यानं त्या कागदांची एक झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. स्वतःचं नाव त्यानं आधीच पेनानं गिरगटून टाकलं होतं. म्हणाला, "कुठल्या वर्गात गेलात तर दाखवा."

– एक निवृत्त गणित शिक्षिका