सायनला गेलास म्हणून हे पत्र

मन्या,

तू सायनला रूम घेतलीस हे कळल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर पत्थरमार. हसू नको. १९८५ ते ८७ च्या सुमारास तुझ्याच त्या सायन-किंग्ज सर्कल पट्ट्यात कोणीतरी रात्री फुटपाथवर एकटा झोपलेला माणूस हेरायचा आणि डोक्यात दगड घालायचा, डझनभर जीव गेले रे. दगड म्हणजे पार ३० किलोपर्यंतचा! एक वेटर वाचला पण अंधारात त्यालाही तोंड दिसलं नाही. मग एकदम बंद. आणि १९८९ ला कलकत्त्यात सेम प्रकार, सहाएक महिन्यांत १३ जण, तिकडच्या पेपरवाल्यांनी स्टोनमॅन नाव ठेवलं, पोलिसांनी गस्त वाढवली, संशयित उचलले, सोडले. तोच होता की दुसराच कोणी, आजतागायत पत्ता नाही.

आपल्याकडे पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं १९७६-७७ ला, दहा खून. आई अजून सांगते, दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडायचं नाही, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी काढायची नाही. ते खून करणारे चौघं सापडले, १९८३ ला येरवड्यात फासावर गेले. पण फुटपाथवर कडी कुठली लावणार?

परवा रात्री काकाला स्वारगेटला सोडायला गेलो तर स्टँडबाहेर एक म्हातारा झोपलेला, चपला पिशवीत, पिशवी डोक्याखाली, चादर तोंडावरून. चपला जाऊ नयेत एवढीच काळजी. आता अशा माणसाचं काही झालं तर पोलीस विचारणार कोणाला? नाव माहीत नाही, वैरी कोण माहीत नाही, चोरी म्हणावी तर खिसा रिकामा, आणि हत्यार रस्त्यावरचंच.

मेलेले गरीब म्हणून पोलिसांनी तपास सोडून दिला असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही हां. १९६८ ला मुंबईत रामन राघवने मारलेलेही झोपडीतले, फुटपाथवरचेच, तरी पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या हाताखालच्या लोकांनी त्याला धरलाच. पण तो आधीपासून रेकॉर्डवर होता, एका सब-इन्स्पेक्टरने रस्त्यात ओळखला. (१९९५ ला मेला कुठे तर आपल्या ससून हॉस्पिटलमध्ये!) पत्थरमारचं ना वर्णन, ना फोटो, ओळखणार काय कपाळ?

तुझ्या नाक्यावर एखादा जुना पानवाला असेल तर विचार ना, त्या वेळी लोक झोपायला कुठे जायचे, पहारा ठेवायचे का. कोण मेलं ते नको, तेवढं पेपरात येऊन गेलंय. आणि दिवाळीला येतोयस की नाही ते नक्की कळव, तिकीट आत्ताच काढ.

तुझा,
पक्या