बी.एड. द्वितीय वर्ष : आंतरवासितेला निघण्याआधी

सर्व छात्राध्यापक आणि मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी,

सोमवारपासून शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सुरू होत आहे. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ याच वर्षातले. उपस्थिती किमान ९० टक्के हवी. महाविद्यालयातल्या तासांना लागू असलेली ८० टक्क्यांची अट इथे चालत नाही. परिपाठाआधी शाळेत पोहोचा.

पाठ टाचणावर (पाठाच्या लेखी आराखड्यावर) आदल्या दिवशी सही घ्या. आणि कळकळीची विनंती, मागच्या बॅचची टाचणे उतरवून काढू नका. सातवीत अपूर्णांकांची बेरीज शिकवणार असाल तर समोरच्या मुलांना समच्छेद करता येतो का, हे आधी फळ्यावर एक उदाहरण देऊन पाहा. उतरवलेल्या टाचणात त्याचे उत्तर नसते. रंगीत तक्ते कमी असले तरी चालतील, पण मागच्या बाकावरून फलकलेखन वाचता आलेच पाहिजे.

प्राध्यापकांनी कृपया पूर्ण तास बसून पाठ पाहावा. निरीक्षण वहीत नुसते ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ नको. कोणत्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला, ते लिहा. चर्चा त्याच दिवशी करा, मात्र मुलांसमोर नको.

एम.एड.च्या विद्यार्थ्यांनी त्याच शाळांतून प्रबंधासाठी माहिती घेताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी मिळवावी.

लांबची शाळा मिळालेल्यांनी पहिल्या आठवड्यातच विभागात अर्ज द्यावा. नंतर शाळा बदलून मिळणार नाही.