गव्हाचा वाण निवडताना तांबेऱ्याचाही विचार हवा

महोदय,

रब्बीच्या तोंडावर गावोगावी 'कोणता गहू पेरायचा' ही चर्चा सुरू होते आणि ती हमखास चपातीच्या मऊपणावर येऊन थांबते. तांबेरा या बुरशीजन्य रोगाचं नाव निघतं ते थेट पानावरून बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागते तेव्हा. तोवर फवारणीवाचून इलाज उरलेला नसतो.

ही बुरशी पानाला भोक पाडत नाही. दवाने ओल्या पानावर बीजाणू रुजतो, त्याचा तंतू पर्णरंध्रातून आत शिरतो आणि जिवंत पेशीतूनच अन्न ओढतो. म्हणून पेशी जिवंत राहणं ही तिचीच गरज. प्रतिकारक वाण नेमकं तिथेच तिला अडवतो: हल्ला ओळखणारं जनुक असेल तर ग्रासलेली पेशी स्वतःच मरते आणि बुरशीची उपासमार होते. पानावर उरतो फक्त बारीक सुकलेला ठिपका.

पण एकाच जनुकावर विसंबणं धोक्याचं. युगांडात 1998 साली सापडलेल्या 'यूजी-99' या खोडावरच्या तांबेऱ्याने जगभर वापरलेलं 'एसआर-31' जनुक निकामी ठरवलं होतं. आपल्याकडे तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तग धरून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात. महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे, निफाडला गव्हाचं संशोधन चालतं. तिथली शिफारस कृषी सहायकाने पेरणीआधी चावडीवर लावायला काय हरकत आहे? निदान बियाण्याच्या दुकानात तरी?

— एक गहू उत्पादक, जि. नाशिक