रात्रीच्या कास्टला जीपीएस कधी उघडायचं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. शेजाऱ्यांची ट्रीइंग वॉकर जातीची कुत्री घेऊन तू इंडियानातल्या नाइट हंटला, म्हणजे रॅकूनचा माग काढायच्या रात्रीच्या स्पर्धेला, उतरणार हे वाचून फार आनंद झाला. जीपीएसचा कॉलर आणि हातातला संच घेऊन झालाय आणि तुझा प्रश्न एकच आहे: संच खिशात असताना त्याच्याकडे बघायचं नाही, हा नुसता सोवळेपणा नाही का? नाही. या खेळातले गुण कशावर मिळतात ते नीट पाहिलंस की यंत्र नेमकं कुठे आड येतं ते लक्षात येईल. म्हणून आधी गुणांचंच लिहितो.

त्याआधी एक. घरी फोनवर सांगताना ‘शिकारीला जातो’ असं म्हणू नकोस. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शब्दाचा अर्थ वेगळा झालाय, आई घाबरेल. या स्पर्धेत बंदूक नसते आणि रॅकूनला, त्या झाडावर चढणाऱ्या लहानशा रानप्राण्याला, कुणी मारत नाही. कुत्र्यांनी त्याचा माग काढायचा, त्याला झाडावर चढवायचं आणि खाली उभं राहून भुंकत राहायचं. माणसांनी जाऊन विजेरीच्या झोतात तो झाडावर दिसतो का बघायचं, गुण मांडायचे आणि कुत्र्यांना पट्टे लावून पुढे जायचं.

युनायटेड केनेल क्लब, म्हणजे यूकेसी, १८९८ पासूनची कुत्र्यांची संस्था. लेबर डेच्या सुट्टीत तुझ्याजवळच रिचमंडला जे ऑटम ओक्स नावाचं स्पर्धांचं संमेलन भरत आलंय तेही त्यांचंच. त्यांच्या पद्धतीत एका कास्टमध्ये, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या गटात, जास्तीत जास्त चार कुत्रे असतात. अंधारात चारही एकदम सोडतात. माग लागून कुत्रा तोंड उघडतो तेव्हा त्याच्या हँडलरने, म्हणजे त्याला घेऊन आलेल्या माणसाने, त्याचं नाव घेऊन ‘स्ट्राइक’ म्हणायचं. पहिल्याला १००, मग ७५, ५०, २५. तिसऱ्या भुंकण्याच्या पुढे गप्प राहायची मुभा नाही. कुत्र्याने झाड धरलं असं वाटलं की ‘ट्री’ म्हणायचं: पहिल्याला १२५, मग ७५, ५०, २५. पहिली हाक पडली की पाच मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. ती संपली की त्या झाडावर नवी हाक घेत नाहीत. वर रॅकून दिसला तर गुण अधिक. झाड उघडंबोडकं, लपायला जागा नाही आणि रॅकूनही नाही, तर तेच गुण उणे. ढोली किंवा दाट पानांमुळे ठरवता येत नसेल तर आकड्याभोवती गोल काढतात, ते ना अधिक ना उणे.

आता बघ, यात जज कुत्र्यांना पाहतच नाही. कुत्रे अर्धा मैल लांब, मधे मक्याचं शेत नाहीतर ओढ्याची घळ. सगळा हिशोब चार माणसांच्या कानांवर आणि त्यांच्या तोंडच्या शब्दावर चालतो. गुराख्याला जसा रानात पांगलेल्या गुरांमधून आपल्या गाईच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज ओळखू येतो, तसा हँडलरला चार आवाजांतून आपला आवाज काढता आला पाहिजे. मागावरचा लांब हेल कुठला, झाड सापडल्यावरची पहिली मोठी आरोळी कुठली, आणि त्यानंतरचं तुटक, ठोकल्यासारखं भुंकणं कुठलं, हे कळणं म्हणजेच हा खेळ खेळणं. संच नेमकं हेच काम तुझ्यासाठी करून टाकतो, म्हणून तो बंद ठेवायचा.

कसं करतो ते एकेक सांगतो, कारण ‘मी फक्त एकदा बघितलं’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा आपण काय मिळवलं हेच कळलेलं नसतं.

स्ट्राइकचं घे. दक्षिणेकडून एक हेल आला. तो तुझ्या कुत्रीचा की दुसऱ्या वॉकरचा, तुला खात्री नाही. चुकीचं नाव घेतलंस तर अंगलट येणार. पडद्यावर दिसलं की चारांपैकी तुझीच कुत्री दक्षिणेला ४०० यार्डांवर आहे. शंका मिटली आणि तू १०० गुणांची हाक देऊन मोकळा. बाकीचे तिघे अजून कान देऊन ऐकताहेत.

झाडाच्या वेळी हा फायदा सगळ्यात मोठा. बऱ्याच संचांत कुत्र्याचा प्रकार निवडता येतो. मागावरचा किंवा झाड धरणारा असा प्रकार ठेवला की कॉलरमधले संवेदक त्याच्या हालचालीवरून ठरवतात आणि पडद्यावर ‘झाड धरलं’ अशी खूण येते, वर टोन वाजतो किंवा खिशात थरथर होते. म्हणजे कुत्रीने धड दोन वेळा तोंड उघडायच्या आत तुला मांडीवर निरोप आला. १२५ आणि ७५ यांच्यातला फरक एका श्वासाचा असतो रे, तिथे हा निरोप म्हणजे सरळ दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. तू पडद्याकडे बघितलंही नसशील, तरी थरथर पुरते. म्हणून सूचना बंद करायला मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

तिसरा प्रकार क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. तीन कुत्रे एका झाडावर आहेत आणि तुझी कुत्री त्यांच्यापासून साठ यार्ड बाजूला. कानाला ते एकाच गर्दीसारखं वाटतं. पडद्यावर वेगळं दिसतं, आणि तू हाक देतानाच वेगळ्या झाडाचं सांगून मोकळा होतोस. किंवा हाक देऊन झाली आणि पाच मिनिटांत कुत्री झाड सोडून निघाली. कानाला फक्त शांतता, पडद्यावर मात्र रेघ पुढे सरकताना दिसते. मग माणूस कास्टला झाडाकडे लवकर चला म्हणतो नाहीतर मुद्दाम रेंगाळतो. चौथा प्रकार चालण्याचा: कुणाचा कुत्रा ऐकू येण्याच्या पलीकडे गेलाय आणि तो ‘इकडून जाऊ, वाट बरी आहे’ म्हणत सगळ्यांना आपल्या कुत्र्याकडे नेतो. हे सिद्ध करता येत नाही, म्हणूनच मला ते सगळ्यात वाईट वाटतं.

आणि गंमत अशी की ज्याच्यावर विसंबून हे सगळं करायचं, ते यंत्र त्या क्षणी धड खरं बोलतही नसतं. कॉलर उपग्रहांवरून जागा ठरवतो आणि रेडिओने तुझ्या संचाला कळवतो. अमेरिकेत त्यासाठी विनापरवाना मर्स पट्टा आहे, १५१ ते १५४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. संच अडीच, पाच, दहा किंवा तीस सेकंदांना एकदा जागा घेतो. तू दहा सेकंदांवर ठेवलंस आणि कुत्री ताशी २० किलोमीटरने धावतेय, तर दोन ठिपक्यांमध्ये ती ५५ मीटर पुढे गेलेली असते. आवाजालाही एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. म्हणजे कानावर पडलेलं भुंकणं आणि पडद्यावरचा ठिपका या दोन वेगळ्या वेळच्या गोष्टी. दाट झाडीत आणि घळीत ठिपका पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे भटकतो. झाडाला पंजे लावून जागच्या जागी भुंकणारी कुत्री पडद्यावर फिरताना दिसते आणि हँडलर उगाच घाबरतो. उलट कुंपणाच्या तारेत अडकलेली, पाणी पिणारी, बिळावर खणत बसलेली कुत्री ‘झाड धरलं’ म्हणून दिसू शकते. रेडिओला सरळ दृष्टी लागते. मधे टेकडी आली की शेवटचा ठिपका तसाच थिजून राहतो आणि माणूस तोच आताचा समजतो. प्रश्नचिन्हाची खूण आली की ती जागा शिळी झाली असं समज.

आता कामाचं. हे सगळं ट्रकजवळ, कुत्री सोडायच्या आधी कर.

कॉलर आदल्या दुपारीच पूर्ण चार्ज कर. चार्जिंगच्या टोकांवर घाम आणि चिखलाचा थर बसतो, तो स्पिरिट लावलेल्या कापडाने पूस. चार्ज न होण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. बरेच कॉलर बॅटरी उतरली की आपोआप दोन मिनिटांना एकदाच जागा कळवायला लागतात. ‘रेंज गेली’ म्हणून ओरडण्याआधी ते तपास. पट्टा दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. सैल झाला तर बॅटरीचं वजन खाली न राहता कॉलर फिरतो, अँटेना गळ्याखाली जाते आणि रेंज घटते. अँटेना मानेवर ताठ उभी हवी, मोडलेली किंवा गुंडाळलेली नको.

संचात जुन्या रात्रीची रेघ पुसून टाक. सूचना, टोन आणि थरथर, तिन्ही बंद. सीमा ओलांडल्याची सूचना असेल तीही बंद. मनगटी घड्याळाला किंवा फोनला संच जोडलेला असेल तर जोडणी तोड. काही घड्याळांवर कुत्र्याची दिशा आणि अंतर सरळ दिसतं, आणि घड्याळ बघणाऱ्याचा कुणाला संशय येत नाही. हे तू स्वतःहून जजला दाखव, ‘जोडणी तोडलीय, बघून घ्या’ म्हणून. कास्टमधले दोन कॉलर एकाच क्रमांकावर असतील तर एकमेकांत गडबड करतात, तेही उजेडातच जुळवा. कंपास जुळवताना डोक्याच्या विजेरीचा बॅटरीपॅक जरा लांब ठेव. तो जवळ असला तर सुई खुशाल चुकते.

तुझा कॉलर झटका देणाराही असेल तर सौम्य झटका, टोन, काही म्हणजे काही स्पर्धेत वापरायचं नाही. कुत्री हरणाच्या मागे गेली तरी नाही. तो धडा सरावाच्या रात्रीचा.

मग संच चेन असलेल्या खिशात. त्याहून चांगलं म्हणजे जजच्या हवाली. आणखी एक सोय मला फार पटते. पुष्कळ संचांत कॉलरचा नुसता मागोव्याचा कोड दुसऱ्याला देता येतो, ज्याने कुत्रा दिसतो पण त्याला झटका देता येत नाही. चौघांनीही असे कोड जजच्या, शक्यतो स्वतः कुत्रा न उतरवलेल्या जजच्या, एकाच संचात घातले की चौघांचे खिसे रिकामे राहतात आणि कुत्रे मात्र डोळ्यांसमोर असतात. तुमच्या क्लबात हे सुचवून बघ. प्रत्येक संस्थेच्या नियमपुस्तिकेत यंत्रांबद्दलचे शब्द वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून ज्या संस्थेची रात्र असेल तिची चालू वर्षाची पुस्तिका वाचून जा. मी इथे लिहितोय ते पुस्तिकेच्या वर नाही.

उघडायचं कधी? हायवे किंवा रेल्वेचा रूळ जवळ असेल आणि कुत्रे तिकडे वळल्याचा संशय असेल तर लगेच, कुणाची वाट न बघता. कुत्रीच्या जिवापुढे १२५ गुण काहीच नाहीत. थंडीत पातळ बर्फाचं तळं असेल तेव्हाही तसंच. फक्त उघडताना मोठ्याने सांग, ‘रस्ता आहे, उघडतोय’. जे दिसेल ते चौघांच्या कुत्र्यांसाठी वाचून दाखव: कोण कुठे, किती यार्ड. आणि त्यानंतर तुझ्या कुत्रीची हाक तू देऊ शकतोस का हे जजला ठरवू दे. नाही म्हणाला तर वाद घालू नकोस. कुत्रा ऐकू येण्यापलीकडे गेला असेल तर आधी विचार, परवानगी मिळाली की मग बघ. गाइडने, म्हणजे कास्टला रानात घेऊन जाणाऱ्याने, परवानगी घेतलेल्या जमिनीच्या बाहेर कुत्रे चाललेत असं वाटलं तर गाइडलाच बघू दे, हद्दी त्याला ठाऊक असतात. वेळ संपली, स्कोअरकार्डावर सह्या झाल्या की मग काय हवं तेवढं बघ.

वाद झाला तर संचातली रेघ पुरावा म्हणून पुढे करू नकोस. ‘बघा, माझी कुत्री आधी थांबली होती’ हे म्हणणं पोकळ आहे. थांबणं म्हणजे झाड धरणं नव्हे, आणि गुण हाकेला असतात.

यंत्राचा हक्काचा उपयोग सरावात. एक वही घे. कुत्री सोडलीस की संच उलटा ठेव. भुंकणं ऐकलं की दिशा, अंदाजे अंतर आणि ‘माग’ की ‘झाड’ असं लिही, मग पडदा बघून शेजारी खरं काय ते लिही. वारा कुठून होता तेही टिप, कारण वाऱ्याच्या उलट दिशेचा आवाज नेहमी लांबचा वाटतो. घळीतला आवाज समोरच्या उतारावर आपटून भलतीकडून येतो, तिथे तुझ्या नोंदी सगळ्यात जास्त चुकतील. दुसऱ्या कुणाची वॉकर बरोबर घेऊन गेलास तर अजून चांगलं, सारख्या जातीचे दोन आवाज वेगळे करणं हीच खरी परीक्षा. पहिली आरोळी आणि ठाम तुटक भुंकणं यांच्यात तुझी कुत्री किती सेकंद घेते तेही मोज. काही कुत्र्या दोनतीन झाडं हुंगून मग ठरवतात, त्यांच्यावर घाईने हाक दिली की उणे गुण ठरलेले.

पूर्वी हातात धरायच्या मोठ्या अँटेनाने नुसती बीपची दिशा कळायची. त्याच्याही आधी लोक हरवलेल्या कुत्र्यासाठी सोडल्या जागी आपलं जाकीट पसरून ठेवायचे आणि सकाळी परत जायचे. कुत्रा बहुधा त्यावर झोपलेला सापडायचा. म्हणून ट्रकमध्ये एक जुनं, तुझ्या वासाचं जाकीट टाकून ठेव, आणि कॉलरच्या पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पितळी पट्टी रिव्हेटने ठोकून घे. बॅटरी संपल्यावर शेतकऱ्याला तीच वाचता येते. पट्टा एक इंची आहे की पाऊण ते मोजून कळव, माझ्याकडे दोन जादा आहेत, पोस्टाने पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र