बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून बॅटरी चार्ज करू नका

संपादक महोदय, स. न.

पावसाळा लागला की आमच्या बडोद्यात लाइट कधी जाईल आणि गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा तर कित्येक सोसायट्यांनी दोन-दोन तीन-तीन दिवस अंधारात काढले. आता सोसायट्यांच्या ग्रुपवर एक आयडिया फिरतेय, की इन्व्हर्टर बसला की त्याची बॅटरी खाली पार्किंगमध्ये न्यायची, जंपर केबलनी गाडीच्या बॅटरीला जोडायची, इंजिन चालू करून ठेवायचं, झालं काम. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, इलेक्ट्रिकल शिकले आणि मग मकरपुरा जीआयडीसीत बॅटरी-चार्जरच्याच कामात नोकरी केली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाहीये. गाडीचा उपयोग होतो, नक्की होतो, पण असा नाही.

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. चालू इंजिनमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं, आणि माणसाला वाटतं उकाड्यानं होतंय, जागरणानं होतंय. नवीन गाडीत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो म्हणून धोका नाही असं लोक सांगतात, पण तो गरम झाल्यावर नीट काम करतो आणि बंद जागेत तासन् तास इंजिन चालू राहिलं तर त्याच्या भरवशावर राहताच येत नाही. लाइट नाही म्हणजे बेसमेंटचे एक्झॉस्ट फॅनपण बंद, हे कोणी लक्षातच घेत नाही. आणि गॅस काय फक्त खालीच राहतो का, जिन्यातून, लिफ्टच्या डक्टमधून तो वर चढतो, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर झोपलेल्या माणसांना कळतसुद्धा नाही. पावसामुळे खिडक्या बंद असतात ते वेगळंच. तीन बाजूंनी भिंती असलेलं स्टिल्ट पार्किंग असेल तर तेही मी उघडं धरणार नाही.

आता हिशोब बघा. घरातली ट्यूब्युलर बॅटरी साधारण 150 एएच (ॲम्पियर-अवर), 12 व्होल्टची, म्हणजे कागदावर 1.8 युनिट. छोट्या पेट्रोल गाडीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर, 70 ॲम्पियर जरी लिहिलेलं असलं तरी ते इंजिन जोरात फिरत असताना, उभ्या गाडीत आयडलवर त्याचा निम्मा करंटसुद्धा मिळेलच असं नाही, त्यातला काही गाडी स्वतःच खाते, उरलेला बारीक जंपर केबलमध्ये गळतो. समजा 20 ॲम्पियर बॅटरीत गेले, तर 14 व्होल्टला 280 वॅट, म्हणजे तासाला पाव युनिटच्या जरा वर. त्यासाठी अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जळतं. म्हणजे जी वीज घरात सात-आठ रुपये युनिटनं येते ती अशी दोनशे रुपयांच्या आसपास किंवा वरच पडते, आणि बॅटरी पूर्ण भरायची तर आठ-दहा तास गाडी घुरघुरत ठेवावी लागेल, कारण लेड-ॲसिड बॅटरी शेवटी शेवटी करंट कमी कमीच घेते, तिला घाई चालत नाही. बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर, आत ॲसिड, आणि लिफ्ट बंद! जिन्यावरून ती कोण उतरवणार? चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ क्लॅम्पची ठिणगी उडाली तर बॅटरी फुटते.

मग करायचं काय? गाडी तशीही रोज चालतेच, तेव्हाच चार्ज करा. 12 व्होल्टच्या सॉकेटमधून, ज्याला आपण सिगरेट लायटर म्हणतो, 10 ॲम्पियरच्या फ्यूजवर 120 वॅटपर्यंत घेता येतात, फ्यूज किती ॲम्पियरचा आहे ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. गोत्रीहून मकरपुऱ्याला जाऊन-येऊन तासभर होतो, तेवढ्यात लिथियम फॉस्फेटवाल्या छोट्या पॉवर स्टेशनमध्ये, म्हणजे हातात नेता येणाऱ्या बॅटरीच्या डब्यात, 100 वॅट-अवरच्या आसपास जमा होतात, वेगळं पेट्रोल जवळजवळ लागत नाही. हे थोडं वाटेल, पण 9 वॅटचा एलईडी, 10 वॅटचा राउटर आणि 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा मिळून दोनेक तास चालतात, आणि एरवी घरी भरून ठेवलेला 500 वॅट-अवरचा डबा असेल तर अख्खी रात्र निघते. जुना पंखा 75 वॅट खातो, म्हणून माझ्या मते बॅटरी मोठी घेण्याआधी बेडरूमचा पंखा बदला, पैसे तिथे जास्त वसूल होतात. फक्त लिथियम बॅटरी वायर ओढून सरळ अल्टरनेटरला जोडू नका, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर पाहिजेच. आणि उभ्या गाडीत इंजिन बंद असताना सॉकेटवर काही लावून ठेवलंत तर सकाळी सेल्फ लागणार नाही, गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यापुरती बनलेली असते, रात्रभर वीज पुरवायला नाही. घरी नेब्युलायझर किंवा सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन) लागणारं कोणी असेल तर त्याचे वॅट मशीनवर बघून आधीच ट्राय करून ठेवा, लाइट गेल्यावर नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची गोष्ट वेगळी. 2023 च्या नव्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही गाड्यांत व्हेईकल-टू-लोड येतं, म्हणजे गाडीतून सरळ 230 व्होल्ट, तीन किलोवॅटच्या आसपास, आणि बॅटरीच 30 युनिट किंवा त्याच्या वर. धूर नाही, आवाज नाही. फ्रिज, पंखे, दिवे, सगळं दोन-तीन दिवस सहज निघेल. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर गाडीनं घर चालवायची सोय विकायला आलीच होती. पण आपल्याकडे पुरात बेसमेंटच बुडतं, तिथे गाडी ठेवलीत तर वीजही गेली आणि गाडीही गेली, म्हणून इशारा आला की गाडी फुल चार्ज करून उंचावर न्यायची. सोसायट्यांनी चार्जिंग पॉइंट जमिनीवर, उघड्यावर द्यायला हवेत, बेसमेंटमध्ये नाही.

आणखी एक, हे मी हात जोडून सांगते. गाडीचा असो, इन्व्हर्टरचा असो, की जनरेटरचा, कुठलाही सप्लाय दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरनं घराच्या सॉकेटमध्ये घुसवू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्ट होते, आणि लाइन बंद आहे असं समजून जो लाइनमन पावसात खांबावर चढलाय त्याला लागते. एक्स्टेंशन बोर्ड गाडीपासून उपकरणापर्यंत, तेवढंच.

कमिटीवाल्यांना विनंती, जूनच्या आत बेसमेंटमध्ये बोर्ड लावा की इथे गाडी चालू ठेवायची नाही, आणि रात्री लाइट गेली की खाली एक चक्कर मारायची हे वॉचमनला सांगून ठेवा, गुजराती आणि हिंदी दोन्हीत.

आपली नम्र,
एक वाचक, मांजलपूर, बडोदा