रविवारचा इंजिन-फेल्युअर सराव

सभासद मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता हँगरमध्ये जमायचं आहे. लॉगबुक आणा. चेकलिस्ट पाठ आहे असं सगळेच म्हणतात, म्हणून यावेळी डोळे मिटून कॉकपिटमध्ये बसवणार आहोत. फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडणारा), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगीचा स्विच) : हात न चाचपडता पोचला पाहिजे.

मुख्य विषय टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर काय करायचं हा. मन म्हणतं, धावपट्टी मागेच तर आहे, वळू या. पण ४५ अंश कलून घेतलेल्या वळणात स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि उंची तर हातात नसतेच. आधी नाक खाली, ग्लाइड स्पीड, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा वेग (सेसना १५२ ला ६० नॉट), मग समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे मोकळी जागा. शेत चालेल, विमान मोडलं तरी चालेल.

५ मार्च २०१५ ला अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या रायन विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या सांता मोनिकाहून उडाल्यावर बंद पडलं. परतायचं ठरवलं होतं, पण धावपट्टी गाठता येत नाही हे दिसताच त्यांनी जवळच्या गोल्फच्या मैदानाकडे मोर्चा वळवला. झाडाच्या शेंड्याला घासून विमान आपटलं. जखमी झाले, पण वाचले. तपासात कार्ब्युरेटरमधला (इंधन-हवा मिसळणाऱ्या भागातला) जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारा छोटा भाग, आटे सुटून निघालेला आढळला. खांद्याचा पट्टाही नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे दुखापत वाढली. तेव्हा रविवारी पट्टेही तपासू.

चहा क्लबतर्फे. उशिरा येणाऱ्यांनी विमान ढकलायचं.